वाचकांचे प्रश्न : कन्नड कागद, मराठी अर्थ

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेल्या पत्रांत या वेळी एकच अडचण वेगवेगळ्या तोंडांनी विचारली आहे: रोजचा कन्नड मजकूर मराठीत नेमका कसा आणायचा? निवडक प्रश्न घेतले आहेत. कन्नड शब्द देवनागरीत, अवतरणचिन्हांत दिले आहेत.

प्रश्न : आमची वडिलोपार्जित जमीन खानापूर तालुक्यात आहे. भाऊ कोल्हापूरला असतो. तिथल्या वकिलांनी पहणीचं मराठी भाषांतर मागितलंय. शब्दाला शब्द ठेवून लिहिलं तर चालेल का? (शेतकरी, खानापूर)

उत्तर : पहिल्याच शब्दावर घोटाळा होईल. ‘पहणी’ म्हणजे आपली पाहणी नव्हे. मराठीत पाहणी म्हटलं की कोणीतरी येऊन बघून गेल्याचा अहवाल डोळ्यांपुढे येतो. कर्नाटकातली पहणी हा हक्क आणि पीक दोन्ही सांगणारा उतारा आहे, नमुना १६. महाराष्ट्रात नमुना ७ आणि नमुना १२ मिळून सातबारा होतो, तेच काम इथे एका कागदावर होतं. बोलताना सातबारा म्हणायला हरकत नाही. भाषांतराच्या डोक्यावर मात्र ‘पहणी (कर्नाटकातील हक्कनोंद व पीक उतारा)’ असं लिहा. नुसतं ‘सातबारा’ लिहिलंत तर समोरचा माणूस महाराष्ट्राच्या नमुन्यातले रकाने त्यात शोधत बसेल.

आता रकाने. पहिल्या दोनांत सर्वे नंबर आणि हिस्सा. हे आकडे व अक्षरं जशीच्या तशी उतरवा. ‘रि.स.नं.’ म्हणजे रिव्हिजन सर्वे नंबर, तोही तसाच ठेवा. तिसऱ्यात क्षेत्र असतं आणि सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. पहणीत ३-२०-० असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ३ एकर, २० गुंठे, ० आणे. महाराष्ट्रातला माणूस हेक्टर-आर वाचायला सरावलेला, तो ते ३.२० हेक्टर समजतो. ३.२० हेक्टर म्हणजे जवळपास ७ एकर ३६ गुंठे, दुपटीहून जास्त. म्हणून भाषांतरात ‘३ एकर २० गुंठे’ असं शब्दांसकट लिहा आणि पुढे कंसात मेट्रिक द्या. १ एकर म्हणजे ४० गुंठे, १ गुंठा म्हणजे १६ आणे आणि १.०१ आरपेक्षा किंचित जास्त. ३ एकर २० गुंठ्यांचे १४० गुंठे होतात, म्हणजे सुमारे १ हेक्टर ४१.६ आर. गणित करून लिहा, पण मूळ आकडा कधीही काढून टाकू नका.

त्याच रकान्यात ‘फूट खराब’ असतं, ते आपलं पोटखराबा. ‘अ’ म्हणजे लागवडीला नालायक, ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामासाठी राखलेलं. हे दोन एकत्र मिळवू नका.

नवव्या रकान्यात कब्जेदाराचं नाव, क्षेत्र, खाते क्रमांक. इथे ‘स्वाधीन’ शब्द भेटतो. कन्नडमध्ये तो ताबा किंवा कब्जा या अर्थाने येतो. हाच शब्द ‘भूस्वाधीन’ होऊन नोटिशीत आला की त्याचं मराठी ‘भूसंपादन’. ‘जमीन स्वाधीन’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही जमीन आपण होऊन देऊन टाकली. दहाव्या रकान्यात जमीन कशी आली ते असतं: ‘खरीदी पत्र’ किंवा ‘क्रयपत्र’ म्हणजे खरेदीखत, ‘विभाग पत्र’ म्हणजे वाटणीपत्र, ‘दानपत्र’ म्हणजे बक्षीसपत्र, ‘हक्कु बिडुगडे पत्र’ म्हणजे हक्कसोडपत्र. ‘पौती’ दिसलं तर खातेदार वारल्यानंतरची वारस नोंद. अकराव्यात ‘इतर हक्कुगळु मत्तु ऋणगळु’, म्हणजे इतर हक्क व बोजा. सोसायटीचं कर्ज इथे चढतं. त्याला ‘ऋण’ न म्हणता बोजाच म्हणा, कारण वकील तोच शब्द शोधणार. बाराव्यात लागवड आणि पीक. तिथे किंवा जुन्या कागदात ‘गेणीदार’ आला तर कूळ, ‘गेणी’ आली तर खंड, म्हणजे कुळाने मालकाला द्यायचा मोबदला.

सोबत खरेदीखत असेल तर त्यात ‘चक्कुबंदी’ असते, म्हणजे चतुःसीमा. दिशा कधीकधी जुन्या कन्नडमध्ये असतात: ‘मूडण’ पूर्व, ‘पडुवण’ पश्चिम, ‘बडगण’ उत्तर, ‘तेंकण’ दक्षिण. ‘मूडु’ म्हणजे उगवणं आणि ‘पडु’ म्हणजे मावळणं, एवढं लक्षात ठेवलं की पूर्व-पश्चिम उलटत नाही.

लिहून झाल्यावर एकाने मूळ कागदातले आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने भाषांतरावर बोट ठेवून जुळवायचे. ज्याने लिहिलं त्यानेच तपासलं तर चूक सुटते. आणि भाषांतर कोणाच्या सहीचं चालेल, हे वकिलांना आधी विचारा. मगच कामाला लागा.

प्रश्न : मी पीकेपीएसच्या, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीच्या, कार्यालयात काम करतो. वरून येणारी पत्रकं आणि पेपरातल्या बातम्या कन्नडमध्ये असतात. सभासद मराठी, म्हणून मी फळ्यावर मराठीत लिहितो. बरेच शब्द संस्कृतातले, दोन्हीकडे सारखेच. तरी सभासद म्हणतात, कळत नाही. असं का? (निपाणी भाग)

उत्तर : जे शब्द सारखे दिसतात तेच फसवतात. अनोळखी कन्नड शब्द आला की आपण थांबतो, कोणाला तरी विचारतो. ओळखीचा चेहरा दिसला की थांबत नाही.

तुमच्या कामातले शब्द घेऊ. ‘बेळे परिहार’ हे फळ्यावर ‘पीक परिहार’ होतं. मराठीत परिहार म्हणजे निरसन, दूर करणं, जसा श्रमपरिहार. कन्नडमध्ये ‘परिहार’ म्हणजे भरपाई. तेव्हा लिहायचं ‘पीक नुकसानभरपाई’. ‘बेळे साल’ वाचून कोणालाही पिकाचं साल, म्हणजे हंगाम वाटेल, पण ‘साल’ म्हणजे कर्ज. तेव्हा ते पीक कर्ज, आणि ‘साल मन्ना’ म्हणजे कर्जमाफी. ‘अनुदान’ आणखी बारीक आहे. कन्नड पत्रकात ‘अनुदान’ बहुतेक वेळा सरकारने कामासाठी दिलेला निधी असतो. शेतकऱ्याच्या हातात पडणारं अनुदान तिथे ‘सहायधन’ म्हणून येतं. हे उलटं लिहिलं गेलं की पाणंद रस्त्याला आलेला पैसा आपल्या खात्यावर जमा होणार, असं समजून माणसं सोसायटीत येऊन उभी राहतात. ‘उद्योग खात्री योजने’ हा कारखान्याचा विषय नाही, ती रोजगार हमी. कन्नडमध्ये नोकरी-रोजगार म्हणजे ‘उद्योग’ आणि आपल्या उद्योगधंद्याला ‘उद्यम’. ‘परवानगी’ म्हणजे परवाना. आपल्या अर्थाची परवानगी हवी असेल तर तिथे ‘अनुमती’ शोधा. ‘इलाखे’ म्हणजे खातं: ‘कंदाय इलाखे’ म्हणजे महसूल खाते. मराठीतला इलाखा हा प्रदेश, त्याचा इथे संबंध नाही. ‘दाखले’ म्हणजे कागदपत्रं किंवा नोंदी. आपला दाखला तिथे ‘प्रमाणपत्र’ असतो. ‘प्रमाणपत्र’ हाच शब्द कोर्टाच्या कागदात प्रतिज्ञापत्रासाठीही येतो, म्हणून खाली शपथेची ओळ आणि सही आहे का, ते बघून ठरवा.

बातम्यांत ‘अग्नी अवघड’ आलं तर आगीची दुर्घटना. ‘अनाहुत’ म्हणजे अनर्थ, न बोलावलेला पाहुणा नव्हे. ‘अनुमानास्पद सावु’ म्हणजे संशयास्पद मृत्यू. ‘अवसर’ म्हणजे घाई, आणि आपल्याला जी संधी म्हणायची ती ‘अवकाश’. ‘कामगारी’ ही कामगिरी नाही. ते रस्त्याचं, गटाराचं, शाळाखोलीचं काम. ‘कामगारीगे चालने’ म्हणजे कामाचा शुभारंभ.

एक गोष्ट डोळ्यांनी नाही, कानांनीच कळते. पीक म्हणजे ‘बेळे’, त्यातला पहिला ए ऱ्हस्व. डाळ म्हणजेही ‘बेळे’, तिथे ए दीर्घ. आपल्या नेहमीच्या देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ ए वेगळा लिहीत नाहीत, म्हणून दोन्ही सारखेच दिसतात. आणि ‘बेले’ म्हणजे किंमत: ‘बेंबल बेले’ म्हणजे हमीभाव. फोनवर ऐकून फळ्यावर लिहीत असाल तर पूर्ण वाक्य ऐका. तुरीची बातमी असली तर तिन्ही शब्द एकाच बातमीत येऊ शकतात.

प्रश्न : वंशावळ करायची आहे. जुन्या कन्नड कागदात नात्याला ‘अळिय’ लिहिलंय. घरात कोणी जावई म्हणतं, कोणी भाचा. खरं काय? (चिकोडी)

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं. मामाच्या मुलीशी लग्न झालं की मामाच सासरा होतो. कन्नडमध्ये त्या दोन्ही नात्यांना एकच नाव आहे. ‘माव’ म्हणजे मामा आणि सासरा, ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासू, ‘अळिय’ म्हणजे जावई आणि भाचा, ‘सोसे’ म्हणजे सून आणि भाची. आपल्याकडेही मामाच्या मुलीशी लग्नं होतात, पण मराठीने शब्द वेगळे ठेवले. म्हणून कन्नडमधून मराठीत येताना आपल्याला निवड करावीच लागते, आणि वारसाच्या कागदात ती अंदाजाने करता येत नाही.

आधी शब्दाच्या अलीकडे बघा. ‘सोदर’ जोडलेलं असेल तर प्रश्न सुटला: ‘सोदर माव’ मामाच, ‘सोदर अत्ते’ आत्याच, ‘सोदर अळिय’ भाचाच. नसेल तर त्या माणसाच्या नावापुढची ओळख वाचा. ‘तंदे’ म्हणजे वडील, ‘गंड’ म्हणजे नवरा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. हे शेवटचे दोन जुन्या मराठी कागदांतही सापडतात. ‘अळिय’ म्हटलेल्या माणसाच्या बायकोच्या मागे कोणाचं नाव आहे आणि त्याच्या आईचं माहेर कुठलं, हे दोन धागे जुळवले की नातं उघडं पडतं. मग भाषांतरात ‘मुलीचा नवरा’ किंवा ‘बहिणीचा मुलगा’ असं फोडूनच लिहा. ‘दोड्डम्मा’लाही हेच लागू आहे, ती थोरली काकू असेल किंवा थोरली मावशी.

उलट दिशेने जाताना, म्हणजे मराठीतून कन्नडमध्ये, ‘बहीण’ अडवते. ‘अक्क’ थोरली, ‘तंगी’ धाकटी. वय माहीत नसेल तर ‘सहोदरी’ लिहा.

प्रश्न : कन्नड साक्षीदाराचा जबाब मराठीत उतरवताना वाक्याच्या शेवटी येणारं ‘अंते’ गाळलं तर बिघडतं का? (वकिलांच्या कार्यालयातून, बेळगाव)

उत्तर : फार बिघडतं. ‘होडेद’ म्हणजे त्याने मारलं. ‘होडेदनंते’ म्हणजे त्याने मारलं म्हणे. साक्षीदाराने स्वतः पाहिलं की कोणाकडून ऐकलं, हा सगळा फरक त्या शेपटीत आहे. सुदैवाने मराठीत ‘म्हणे’ अगदी तेच काम करतं. लेखी भाषेत ‘मारल्याचे ऐकले’ असं लिहा.

आपल्या भागात बोलताना ‘अंते’चं ‘अंत’ होतं आणि ‘असं’ या अर्थाचाही तोच ‘अंत’. जागा बघा. ‘अंत’च्या पुढे ‘हेळिद’ आलं असेल तर ‘असं सांगितलं’. वाक्य तिथेच संपलं असेल तर ‘म्हणे’. शंका राहिली तर साक्षीदारालाच विचारून घ्या.

प्रश्न : शाळेच्या अंकासाठी मुलांनी कन्नड गादे, म्हणजे म्हणी, गोळा केल्यात. शेजारी मराठी म्हणी द्यायच्यात. शब्दशः अर्थ द्यावा की जोडीची म्हण शोधावी? (शिक्षिका, हुक्केरी)

उत्तर : दोन्ही द्या, पण आधी शब्दशः अर्थ आणि त्याखाली जोडीची म्हण. मुलांना गंमत त्या दोन चित्रांच्या फरकात वाटते.

काही म्हणी जुळ्या आहेत. ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरावे. ‘कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळु’ म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे. ‘हनि हनि कूडिदरे हळ्ळ’ ही थेंबे थेंबे तळे साचे, फक्त त्यांच्याकडे तळ्याऐवजी ओढा वाहतो. काहींत पात्रं बदलतात. ‘कोणन मुंदे किन्नरी बारिसिदंते’: रेड्यापुढे किन्नरी नावाचं तंतुवाद्य वाजवणं. आपण गाढवापुढे गीता वाचतो. ‘बेक्किगे आट, इलिगे प्राणसंकट’ यात मांजराचा खेळ आणि उंदराचा जीव. आपली म्हण ‘तुमचा होतो खेळ, आमचा जातो जीव’ तिथे चपखल बसते.

मुलं अडतील ती पुढच्या तिघींपाशी. ‘होळेयल्लि हुणसे हण्णु तोळेदंते’, म्हणजे नदीत चिंच धुतल्यासारखं. धुता धुता चिंचच विरघळून वाहून जाते. पालथ्या घड्यावर पाणी इथे लावू नका, ती न ऐकणाऱ्या माणसाची म्हण आहे. इथे हवं ‘सगळं मुसळ केरात’. ‘हित्तल गिड मद्दल्ल’, परसातलं झाड औषध नव्हे. याला ‘पिकतं तिथं विकत नाही’ जवळची. ‘कुंबारनिगे वरुष, दोण्णेगे निमिष’, कुंभाराला वर्ष लागतं, दांडक्याला क्षण. इथे ओढून ताणून मराठी म्हण चिकटवू नका. अर्थच इतका स्वच्छ आहे की तसाच छापा.

म्हणींपेक्षा वाक्प्रचार जास्त दगा देतात. ‘कै कोडु’ म्हणजे शब्दशः हात देणे. मराठीत हात देणं म्हणजे मदत. कन्नडमध्ये ‘मळे कै कोट्टितु’ म्हणजे पावसाने दगा दिला. अगदी उलट! ‘कै हिडि’ म्हणजे साथ देणं, तारणं. ‘होट्टेकिच्चु’ म्हणजे पोटातली आग, पण भुकेची नव्हे, मत्सराची. आपल्याकडे दुसऱ्याचं बरं बघून पोटात दुखतं, तेच हे. ‘हेळिकोडु’ला ‘सांगून दे’ लिहाल, ते ‘शिकव’ आहे. ‘गाळि सुद्दि’ म्हणजे उडती बातमी.

चांगलं भाषांतर कसं दिसतं ते मुलांना दाखवायचं असेल तर ‘उळुववने ओडेय’ ही घोषणा घ्या. कर्नाटकात १९७४ साली भूसुधारणा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, त्या काळात ती घरोघरी पोचली. शब्दशः ‘नांगरणारा तोच मालक’. मराठीत तिचं काम ‘कसेल त्याची जमीन’ करतं. एकही शब्द शब्दशः जुळत नाही, तरी काहीच सुटत नाही.

प्रश्न : ‘परवा’ला कन्नड शब्द कोणता? (विद्यार्थी, संकेश्वर)

उत्तर : एक नाही, दोन. गेलेला परवा ‘मोन्ने’, येणारा परवा ‘नाडिद्दु’. मराठीत क्रियापद सांगतं कुठला ते, कन्नडमध्ये शब्दच सांगतो. निरोप लिहिताना तारीखही टाका.

प्रश्न : आम्ही ‘मला यायला होत नाही’ म्हणतो. पुण्याचे पाहुणे हसतात. चुकीचं आहे का? (गृहिणी, शहापूर)

उत्तर : नाही. कन्नडमधल्या ‘बराक आगूदिल्ल’ची ती बेळगावी मराठीतली घडण आहे, आणि ती शेजाराने आलेली आहे. घरात, बाजारात खुशाल बोला. अर्जात किंवा छापील मजकुरात ‘येणे जमत नाही’ लिहा, म्हणजे सगळीकडे कळेल. बोली पुसून टाकायचं काही कारण नाही.

प्रश्न : मुलाचं नाव ज्ञानेश्वर, आडनाव पाटील. कन्नड कागदांवरून इंग्रजीत नाव गेलं की स्पेलिंग दर वेळी वेगळं. उपाय काय? (बेळगाव तालुका)

उत्तर : कारण उच्चारात आहे. मराठीत ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, म्हणून रोमन स्पेलिंग डी-एन-वायने सुरू होतं. कन्नड उच्चार ‘ज्न’, म्हणून तिथे जे-एन. ‘पाटील’मधला शेवटचा अ आपण म्हणत नाही. कन्नडमध्ये शेवटचा अ उच्चारतात, म्हणून कन्नडवरून रोमनमध्ये नेताना शेवटी एक जादा ‘ए’ येतो. कन्नडमध्ये शेवटच्या अक्षराचा पाय मोडून, ‘पाटील्’ असं लिहून घेतलं तर तो टळतो. तसंच ‘बॅ’ला कन्नडमध्ये ‘ब्या’ लिहितात.

‘मारुती तंदे परशराम’ असं आलं तर ‘तंदे’ हे नाव नाही. मराठीत ‘मारुती परशराम’ एवढंच उतरवायचं. गावांची नावंही बघा: कन्नडमध्ये ‘चिक्कोडी’, ‘निप्पाणी’, ‘सवदत्ती’. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे. भाषांतरात पहिल्यांदा कागदावरचं नाव, कंसात प्रचलित मराठी नाव, पुढे एकच रूप.

उपाय असा: जन्माचा दाखला हा पाया धरा. त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग, कन्नड रूप आणि मराठी रूप एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहा. शाळा, बँक, नाडकचेरी (तहसीलच्या खालचं महसूल कार्यालय), जिथे अर्ज द्याल तिथे ती चिठ्ठी अर्जाला टाचा. तोंडी नाव सांगू नका, कारण ऐकणारा त्याच्या भाषेत लिहितो. अर्ज पुढे जाण्याआधी स्क्रीनवरचं नाव अक्षरागणिक वाचून दाखवायला सांगा. जन्माच्या दाखल्यावरच चूक असेल, तर आधी तो दुरुस्त करून घ्या. शाळेचा कागद आधी बदलून घेतलात तर तेच काम दोनदा करावं लागेल.